पाण्यातलं क्रोमियम मोजायचंय? मग आधी विहिरीवर काय करायचं ते शिकून घ्या

नाशकात पाणी तपासायच्या कामात मला आता चौदा वर्षं झाली आणि दरवर्षी एमएस्सी करून आलेली दोन-तीन पोरं-पोरी माझ्या हाताखाली येतात, हुशार असतात, मशीन पटकन शिकतात, पण क्रोमियमचं सॅम्पल आलं की सगळ्यांची चूक एकाच ठिकाणी होते आणि ती चूक मी स्वतः पण केलेली आहे, म्हणून हे सगळं एकदा बैजवार लिहून ठेवतेय.

माझी चूक आधी सांगते. मी तेव्हा नवीनच होते, शहराबाहेरच्या एका मळ्यातल्या विहिरीचं पाणी घ्यायला गेलेले. आम्हाला शिकवलेलं की धातू तपासायचा असेल तर बाटलीत नायट्रिक ॲसिड टाकायचं, मी सगळ्या बाटल्यांत टाकलं. लॅबमधे आल्यावर दोन दिवसांनी तपासलं तर टोटल क्रोमियम ६२ पीपीबी (पीपीबी म्हणजे एक अब्ज भागांत एक भाग) आणि त्यातला हेक्साव्हॅलंट म्हणजे हेक्स हा जास्त विषारी प्रकार शून्याच्या आसपास. मी रिपोर्ट दिला. मळ्यातल्या काकांनी विचारलं, "काय निघालं पोरी आमच्या पाण्यात?" आणि मी म्हटलं, "काका, लिमिटपेक्षा थोडं जास्त आहे पण वाईट प्रकारचं नाहीये." तीन महिन्यांनी आमच्या सीनियर मॅडमनी परत सॅम्पल घ्यायला लावलं, या वेळी जागेवर गाळून आणि नायट्रिक न टाकता, तर त्याच विहिरीत हेक्स ५८ निघालं. म्हणजे जवळपास सगळंच हेक्स होतं, आणि आधीच्या वेळी मी टाकलेल्या ॲसिडनं ते बाटलीतच बदलून टाकलं होतं. मधले तीन महिने त्या घरातले सगळे तेच पाणी पीत होते. मला अजून त्या काकांचा चेहरा आठवतो.

म्हणून या लेखात मशीनपेक्षा बाटलीबद्दल जास्त लिहिलंय. कारण आकडा विहिरीवरच ठरतो, मशीन नंतर फक्त वाचून दाखवतं.

दोन प्रकार का वेगळे मोजायचे

पाण्यात क्रोमियम मुख्यतः दोन रूपांत असतं, ट्रायव्हॅलंट आणि हेक्साव्हॅलंट, आपण लॅबमधे ट्राय आणि हेक्स म्हणतो. ट्राय साध्या पाण्यात, म्हणजे पीएच सात-आठच्या पाण्यात, फारसं विरघळत नाही, हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं, मातीच्या कणांना चिकटतं, बाटलीच्या भिंतीला पण चिकटतं. हेक्स त्याच पीएचला क्रोमेट म्हणून मस्त विरघळून राहतं आणि पाण्याबरोबर लांब जातं. विषारीपणातही जमीन-अस्मानाचा फरक. हेक्स श्वासातून गेलं तर कॅन्सर होतो हे पक्कं ठरलेलं आहे, प्लेटिंगच्या टाकीवर काम करणाऱ्यांच्या नाकाचा पडदा फाटतो ते याच्यामुळेच.

आपल्याकडे सातपूर-अंबडला ऑटोची, इंजिनिअरिंगची कामं आहेत आणि त्यांच्यामागे प्लेटिंगवाले आहेतच, त्यामुळे हा पॅरामीटर नाशकात सारखा येतो. देशात बाकी ठिकाणी कानपूरच्या चामड्याच्या पट्ट्यात, तामिळनाडूत रानीपेटला, ओडिशात सुकिंदाच्या क्रोमाइट खाणींजवळ पाण्यातल्या हेक्सचा प्रश्न मोठा आहे. त्या मानानं आपले आकडे बहुतेक वेळा लहान असतात, आणि लहान आकडा नीट मोजणं जास्त अवघड असतं.

लिमिट पाठ करून ठेवा. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५००, २०१२ सालचं, त्यात टोटल क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे ५० पीपीबी, आणि त्यात सूट नाही. हेक्सला वेगळी ओळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा पण टोटल ५० पीपीबीच. कारखान्यानं नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला मात्र हेक्स ०.१ आणि टोटल २ मिलिग्रॅम प्रति लिटर अशी दोन वेगळी बंधनं आहेत. कॅलिफोर्नियानं २०२४ मधे पिण्याच्या पाण्यात नुसत्या हेक्सला १० पीपीबी लिमिट लावलं. म्हणजे तुमची पद्धत १० पीपीबीला खात्रीनं बोलली पाहिजे, नुसती ५० ला बोलून भागणार नाही.

घरून निघायच्या आधी

बाटल्या एचडीपीई प्लॅस्टिकच्या घ्या, झाकणाला आतून रंगीत अस्तर नको. १० टक्के नायट्रिकमधे रात्रभर बुडवून ठेवा, डीआय म्हणजे क्षार काढून टाकलेल्या पाण्यानं पाच-सहा वेळा धुवा आणि पालथ्या वाळवा. क्रोमिक ॲसिडनं काच धुवायची जुनी सवय काही कॉलेजमधे अजून आहे, ती काच या कामाच्या जवळ पण आणू नका, काचेत अडकलेलं क्रोमियम आठवडाभर सुटत राहतं. आणि बॅक्टेरियाच्या टेस्टसाठी ज्या बाटल्या असतात ना, त्यात क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेट टाकलेलं असतं, ते हेक्सला पण मारतं. घाईत कुणीतरी ती बाटली उचलतोच, म्हणून मी त्या वेगळ्या कपाटात ठेवते.

स्टीलपासून लांब राहायचं. स्टेनलेस स्टीलमधे साधारण १८ टक्के क्रोमियम असतं. स्टीलची बादली, स्टीलची कळशी, सिरिंजची स्टीलची सुई, काही नको. प्लॅस्टिकची छोटी बादली आणि नायलॉनचा दोर न्या. नळ चकचकीत असेल तर तो क्रोमच मारलेला असतो, त्याचं पहिलं पाणी सोडून द्या.

बॅगेत काय काय हवं ते सांगते: ०.४५ मायक्रॉनचे सिरिंज फिल्टर, ५० एमएलच्या सिरिंज, पीएच मीटर आणि त्याचे बफर (पीएच ठरावीक जागी धरून ठेवणारी सोल्युशनं), कंडक्टिव्हिटी मीटर (पाण्यातून वीज किती वाहते ते दाखवणारं), नायट्रिकची छोटी बाटली, अमोनियम बफर, ग्लोव्हज, लॅबमधूनच भरून आणलेलं डीआय पाणी, बर्फ भरलेला थर्माकोलचा डबा, न पुसणारा मार्कर. अमोनियम बफर असा बनतो: ३.३ ग्रॅम अमोनियम सल्फेट ७५ एमएल पाण्यात विरघळवा, त्यात ६.५ एमएल कडक अमोनिया सोल्युशन टाका आणि १०० एमएल करा. फ्यूमहूडमधे म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात करा, नाक जळतं.

विहिरीवर

बोअर असेल तर पंप सुरू करून कंडक्टिव्हिटी बघत बसा, तीन रीडिंग सारखी आली की मग पाणी घ्या, पाइपात साठलेलं पाणी त्या बोअरचं पाणी नसतं. पंप किती वेळ चालवला ते लिहून ठेवा. उघड्या विहिरीत वरचा शेवाळाचा थर टाळून थोडं खालून घ्या.

आता तीन बाटल्या. हे नीट वाचा.

पहिली बाटली हेक्सची. पाणी सिरिंजमधे घ्या, फिल्टर लावा, पहिले दहा एमएल फेकून द्या आणि मग बाटलीत गाळा. त्यात अमोनियम बफर थेंब-थेंब टाकत पीएच ९.३ ते ९.७ करा. नायट्रिक अजिबात नाही. अल्कलाइन पाण्यात हेक्स शांत असतं, त्याची ऑक्सिडायझिंग ताकद कमी होते. ॲसिडमधे तेच हेक्स चवताळतं, समोर जे सेंद्रिय सापडेल, लोह सापडेल, सल्फाइड सापडेल त्याच्यावर तुटून पडतं आणि त्या भानगडीत स्वतः ट्राय होऊन बसतं. माझ्या ६२ पीपीबीच्या सॅम्पलमधे नेमकं हेच झालेलं. बफरचा अजून एक फायदा नळाच्या पाण्यात होतो. गंगापूर धरणाचं पाणी शुद्ध होऊन क्लोरीन लागून घरी येतं, तो उरलेला क्लोरीन बाटलीत पडल्या पडल्या ट्रायचं हेक्स करू शकतो, म्हणजे उलटी चूक. अमोनियम त्या क्लोरीनला बांधून टाकतं.

बफर टाकून थंड ठेवलेलं सॅम्पल २८ दिवस चालतं असं नियम सांगतो, बफर नसेल तर २४ तास. मी तरी २८ दिवसांच्या भरवशावर राहत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम तेच. एक अडचण येते, आपल्याकडे बऱ्याच विहिरींचं पाणी जड असतं आणि पीएच वाढला की पांढरट गढूळ होतं, तो चुना बाहेर पडतोय. अशा विहिरीला मी सरळ गाळलेलं पाणी बफर न टाकता बर्फात ठेवते आणि त्याच दिवशी तपासते. एक बाटली बफरवाली पण घेते, दोन्ही आकडे जुळतात का बघायला.

दुसरी बाटली गाळलेल्या टोटलची. तसंच गाळायचं, पण यात नायट्रिक टाकून पीएच दोनच्या खाली न्यायचा. यामुळे ट्राय भिंतीला चिकटत नाही.

तिसरी बाटली न गाळलेल्या टोटलची, यात पण नायट्रिक. आयएस १०५०० शी तुलना करायची ती हिची.

दुसरी आणि तिसरी वेगळी कशाला, असं सगळे विचारतात. पावसाळ्यात आपल्या विहिरींत काय जातं ते आठवा. काळी माती बेसॉल्टची बनलेली, त्या मातीत मुळातच क्रोमियम असतं, खडकातलं, घट्ट बसलेलं. न गाळलेल्या गढूळ पाण्यात नायट्रिक टाकलं, नंतर उकळून डायजेस्ट केलं म्हणजे विरघळवलं की त्या मातीतलं क्रोमियम पण आकड्यात येतं. मग तुम्ही टोटलमधून हेक्स वजा केलं तर जे उरलं ते ट्राय म्हणून लिहिणार, आणि प्रत्यक्षात तो चिखल असणार. वजाबाकी करायची असेल तर दोन्ही बाजू गाळलेल्याच पाहिजेत.

बाटलीवर जागा, तारीख, वेळ, गाळलं का, काय टाकलं, पीएच किती, सगळं तिथंच लिहा. गाडीत बसून नाही. तीन बाटल्या सारख्याच दिसतात.

दर फेरीत एक फील्ड ब्लँक करा, म्हणजे नेलेलं डीआय पाणी विहिरीवरच सिरिंजमधून गाळून बफर टाकून आणायचं. यात आकडा आला तर दोष फिल्टरचा, बाटलीचा नाहीतर बफरचा, आणि त्या दिवसाचे लहान आकडे विसरायचे.

आणि निदान एका ठिकाणी दोन जादा बाटल्या करा, ही माझी आवडती युक्ती. एकीत मोजून हेक्स टाका, दुसरीत मोजून ट्राय टाका, समजा २०-२० पीपीबी, बाकी सगळं पहिल्या बाटलीसारखंच. लॅबमधे हेक्सवाली परत पूर्ण मिळाली तर वाटेत हेक्स मेलं नाही, आणि ट्रायवालीत हेक्स वाढलं नाही तर वाटेत ट्रायचं हेक्स झालं नाही. या दोन बाटल्या नसतील तर आकडा कितीही सुंदर असो, वाटेत काय झालं हे कुणीच सांगू शकत नाही.

लॅबमधे हेक्स, गुलाबी रंगाची पद्धत

नवीन माणसानं इथूनच सुरुवात करावी. १,५-डायफेनिल कार्बाझाइड, आपण डीपीसी म्हणतो. ॲसिडमधे हेक्स या डीपीसीला ऑक्सिडाइज करतं, स्वतः ट्राय होतं आणि दोघं मिळून लाल-जांभळा रंग देतात, ५४० नॅनोमीटरला वाचायचा. गंमत अशी की पाण्यात आधीपासून असलेलं ट्राय हा रंग देत नाही, त्याच्याभोवती पाण्याचे रेणू इतके घट्ट बसलेले असतात की ते डीपीसीला जवळच येऊ देत नाही. याच एका गोष्टीमुळे ही पद्धत नुसतं हेक्स वेगळं दाखवते.

डीपीसी २५० मिलिग्रॅम, ॲसिटोन ५० एमएल, तपकिरी बाटलीत, फ्रिजमधे. रंग बदलला की फेकायचं, अजून चालेल म्हणून ठेवू नका.

स्टॉक म्हणजे मूळ दाट सोल्युशन: पोटॅशियम डायक्रोमेट ओव्हनमधे १०५ डिग्रीला वाळवून थंड करा, १४१.४ मिलिग्रॅम तोलून एक लिटर करा, हे झालं ५० पीपीएम (म्हणजे ५०,००० पीपीबी) क्रोमियम. ग्लोव्हज घालूनच, डायक्रोमेटची पूड उडाली तर ती तुमच्याच नाकात जाते. त्यातलं १० एमएल घेऊन एक लिटर केलं की ५०० पीपीबीचं वर्किंग सोल्युशन, हे रोज नवीन. मग १०० एमएलच्या फ्लास्कमधे वर्किंग १, २, ४, १० आणि २० एमएल घेतलं की ५, १०, २०, ५० आणि १०० पीपीबी तयार, आणि एक शून्याचा, ही झाली सॅम्पलशी तुलना करायची स्टँडर्ड.

इथे एक सापळा आहे ज्यात मी तीन वेगवेगळ्या लोकांना पडलेलं बघितलंय. एएएस किंवा आयसीपी या धातू मोजायच्या मशीनसाठी विकत मिळणारं १००० पीपीएमचं क्रोमियम स्टँडर्ड बहुतेक वेळा ट्रायचं नायट्रेट असतं. ते घेऊन डीपीसी केली तर रंगच येत नाही आणि माणूस दिवसभर डीपीसीला शिव्या घालत बसतो. लेबल वाचा. मात्र वर सांगितलेल्या ट्रायच्या जादा बाटलीला हेच स्टँडर्ड उपयोगी पडतं.

आता प्रत्यक्ष करायचं. ९० एमएल सॅम्पल बीकरमधे, फॉस्फोरिक ॲसिडचे पाच थेंब, हे लोहाला बांधून ठेवतं नाहीतर लोह पिवळेपणा आणतं. मग पातळ सल्फ्युरिकनं पीएच दोनच्या जवळ आणा. बफरवाल्या सॅम्पलला ॲसिड जास्त लागतं, सवयीनं मोजून चार थेंब टाकून पुढे जाऊ नका, मीटर बघा. १०० एमएलच्या फ्लास्कमधे ओता, खूण गाठा, २ एमएल डीपीसी टाका, हलवा, दहा मिनिटं थांबा, वाचा. ॲसिड टाकल्यापासून डीपीसी टाकेपर्यंत मधे चहाला जायचं नाही, फोन घ्यायचा नाही, कारण ॲसिड पडलं की हेक्स मरायला सुरुवात झालेली असते. सगळं आधी मांडून ठेवा आणि एका वेळी तीन-चारच सॅम्पल घ्या. स्टँडर्डना पण अगदी हेच सगळं करायचं, फॉस्फोरिकसकट.

दहा मिनिटंच का, तर व्हॅनेडियम पण डीपीसीबरोबर पिवळसर रंग देतं पण तो तेवढ्या वेळात विरतो. आपल्या बेसॉल्टमधे व्हॅनेडियम असतं म्हणून मी ही दहा मिनिटं घड्याळ लावूनच पाळते.

सेल, म्हणजे रंग वाचायला पाणी ज्यात भरतात ती पारदर्शक डबी, ५ सेंटिमीटरचा वापरा, याच्यावर मी भांडते. हिशोब करून बघा. या रंगाची मोलर ॲब्सॉर्प्टिव्हिटी म्हणजे प्रकाश शोषायची ताकद साधारण ४०,००० आहे. १० पीपीबीला एक सेंटिमीटरच्या सेलमधे ॲब्सॉर्बन्स येतो साधारण ०.००८, म्हणजे सेलवर बोटाचा ठसा असला तरी तेवढा फरक पडतो. तेच ५ सेंटिमीटरला ०.०३८ येतो, ५० पीपीबीला ०.१९ आणि १०० ला ०.३८. तुमचे आकडे यापेक्षा खूप खाली असतील तर डीपीसी जुनं झालंय किंवा पीएच चुकलाय. ग्राफ सरळ आला म्हणून खूश होऊ नका, उतारही बरोबर पाहिजे.

सॅम्पलला स्वतःचा रंग असेल, नाल्याचं पाणी वगैरे, तर अजून एक फ्लास्क सगळं टाकून पण डीपीसीच्या जागी नुसतं ॲसिटोन टाकून करा आणि ते रीडिंग वजा करा. आणि शेवटी १०० भागिले ९०, म्हणजे १.११ ने गुणायला विसरू नका, कारण तुम्ही ९० एमएलच घेतलं होतं. बफर बरंच लागलं असेल तर त्याचा पण हिशोब धरा.

खरं वाटतंय का ते तपासा

प्रत्येक नवीन जागेच्या पाण्याला लॅबमधेही स्पाइक करा, म्हणजे मोजून हेक्स टाका आणि ते परत मिळतं का बघा. ९० एमएल सॅम्पलमधे वर्किंगचे ४ एमएल टाका, १०० एमएलला ते २० पीपीबी होतं. सॅम्पलच्या फ्लास्कमधे ८ आलं आणि स्पाइकमधे २७ तर १९ परत मिळाले, ९५ टक्के, उत्तम. ८५ ते ११५ मधे मी स्वीकारते. पण ८ चे फक्त १७ झाले तर ४५ टक्के, म्हणजे त्या पाण्यात हेक्स खाणारं काहीतरी आहे आणि मूळ ८ वर पण विश्वास नाही. मग सॅम्पल पातळ करून बघा. तरी जमलं नाही तर रिपोर्टमधे आकडा न देता स्पाइक टिकला नाही असं स्पष्ट लिहा.

इथे थोडं थांबून एक सांगते, कारण याचा लोक फार चुकीचा अर्थ लावतात. नासर्डीसारखी शहरातून वाहणारी नदी घ्या, सांडपाणी मिसळलं की पाण्यात ऑक्सिजन कमी आणि सेंद्रिय भरपूर. अशा पाण्यात कुणी हेक्स सोडलं तरी ते फार टिकत नाही, ट्राय होऊन गाळात बसतं. म्हणून पाण्यात हेक्स सापडलं नाही तर कुणी सोडलंच नाही असा त्याचा अर्थ होत नाही, तिथे गाळ तपासायला हवा. याउलट विहिरीचं नितळ, ऑक्सिजनवालं, चवीला गोड लागणारं पाणी, त्यात हेक्स वर्षानुवर्षं राहू शकतं. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यालाच जास्त जपा. थोडं हेक्स डोळ्याला दिसत नाही आणि चवीला कळत नाही.

तुमची पद्धत किती खाली जाते ते पण स्वतः काढा, पुस्तकातला आकडा उचलू नका. ५ पीपीबीचे सात वेगवेगळे फ्लास्क पूर्ण पद्धतीनं करा. समजा आले ५.२, ४.७, ५.५, ४.९, ४.४, ५.३, ५.०. यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन ०.३७, त्याला ३.१४३ नं गुणा, साधारण १.२. हा तुमचा डिटेक्शन लिमिट. त्याच्या खाली आलेल्या आकड्याला "१.२ पेक्षा कमी" लिहा. नुसतं "सापडलं नाही" लिहू नका, विहिरीवरचा माणूस त्याचा अर्थ "अजिबात नाही" असा घेतो, आणि त्याची काय चूक त्यात.

टोटल आणि वजाबाकी

टोटलसाठी एएएसचं ग्राफाइट फर्नेस असेल तर ३५७.९ नॅनोमीटरला वाचा. एएएसच्या फ्लेमवर म्हणजे ज्योतीवर ५० पीपीबीच्या खालचं क्रोमियम मोजायचा प्रयत्न करू नका. आयसीपी-एमएस (अणूंच्या वस्तुमानावरून धातू मोजणारं मशीन) मिळालं तर काम झटपट होतं पण वस्तुमान ५२ वर आर्गॉन आणि कार्बन मिळून बसतात, क्लोरीनची जोडगोळी पण येते, म्हणजे खाऱ्या किंवा सेंद्रिय पाण्यात नसलेलं क्रोमियम दिसतं. हेलियमवाला कोलिजन मोड लावा आणि ५३ वर पण बघा, दोन्ही जुळले पाहिजेत. काही जण टोटलसाठी पण डीपीसीच वापरतात, आधी परमँगनेटनं सगळं हेक्स करून. त्यात पुढे सोडियम अझाइड लागतं, ते फार विषारी आहे, नवीन माणसानं एकट्यानं त्याच्या नादी लागू नये.

गाळलेली टोटल वजा हेक्स म्हणजे ट्राय. सोपं वाटतं. समजा टोटल १४ आणि त्यात दीड इकडं-तिकडं, हेक्स ११ आणि त्यात एक इकडं-तिकडं. ट्राय ३ आलं, पण दोन्हीच्या चुकांचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ काढा तर येतं १.८. म्हणजे ट्राय ३ अधिक-उणे १.८. ते सव्वा असू शकतं आणि पावणेपाच पण. असा आकडा २.९७ म्हणून दोन दशांशात छापलेला दिसला की मला खरंच वाईट वाटतं. आणि हेक्स टोटलपेक्षा जास्त आलं तर ट्रायच्या जागी शून्य टाकून मोकळं होऊ नका, कुठेतरी चुकलंय, बहुतेक वेळा कॅलिब्रेशन किंवा तो १.११ चा गुणाकार.

दोन्ही रूपं थेट वेगळी मोजायची असतील तर आयन क्रोमॅटोग्राफीत कॉलमनंतर डीपीसी सोडून ५३० नॅनोमीटरला हेक्स वाचतात, ते पीपीबीच्या बरंच खाली जातं. किंवा कॉलम आयसीपी-एमएसला जोडतात आणि ट्रायला आधी ईडीटीए (धातूला बांधून ठेवणारं रसायन) लावून घेतात, ती बांधणी थंडीत फार हळू होते म्हणून सॅम्पल गरम करावं लागतं. हे महागडं काम आहे, बाहेर पाठवावं लागलं तर पाठवा, पण बाटल्या कशा भरायच्या ते वरचंच सगळं लागू, चांगलं मशीन मेलेलं हेक्स जिवंत करत नाही.

अजून एक, आकडा कशाच्या रूपात आहे ते विचारत जा. प्लेटिंगवाले क्रोमिक ॲसिड म्हणून बोलतात, त्यांचा आकडा आपल्या क्रोमियमच्या १.९२ पट असतो. क्रोमेट म्हणून लिहिलं तर २.२३ पट. एकदा दोन लॅबचे रिपोर्ट दुप्पट फरकानं आले म्हणून लोक हमरीतुमरीवर आले होते आणि दोन्ही बरोबर निघाले.

वापरलेलं पाणी सिंकमधे ओतायचं नाही. सगळा कचरा एका कॅनमधे गोळा करा, पीएच दोन-तीन करा, सोडियम मेटाबायसल्फाइट टाकलं की पिवळं हेक्स जाऊन हिरवट ट्राय होतं, मग चुन्यानं नाहीतर कॉस्टिकनं पीएच साडेआठच्या आसपास न्या, हिरवट साका खाली बसतो. तो साका घातक कचरा म्हणूनच द्यायचा. हे फ्यूमहूडमधे, सल्फर डायऑक्साइड सुटतो. दुसऱ्यांच्या विहिरीतलं क्रोमियम मोजायचं आणि आपलं गटारात सोडायचं, हे मला चालत नाही, माझ्या लॅबमधे तर नाहीच.

रिपोर्ट झाला की शक्य असेल तर स्वतः नेऊन द्या. पहिल्या पानावर साध्या मराठीत दोन ओळी लिहा: हे पाणी प्यायला चालेल की नाही, आणि उकळल्यानं क्रोमियम जात नाही. लोक पाणी उकळतात आणि निर्धास्त होतात, पाणी आटतं आणि क्रोमियम तेवढंच राहतं, उलट थोडं दाट होतं. आकडा ५० च्या जवळ असेल तर एका सॅम्पलवर कुणाला घाबरवू पण नका आणि निश्चिंत पण करू नका. मी एकदा मे महिन्यात पाणी खोल गेलेलं असताना घेते आणि एकदा पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात, त्याच पंपावर, पंप पहिल्या वेळी जेवढा चालवला तेवढाच वेळ चालवून.